कपारीचा डोह

बाबांनी मला गळ टाकायला शिकवलं ते आईला न विचारता. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारची उपासना संपली, की कोट काढून खुंटीला लावायचे, जुनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि प्रवरेवर निघायचे. मिशनचे एक साहेब कायमचे मायदेशी जाताना त्यांना मासे धरायची काठी देऊन गेले होते. काठी पहिल्याच वर्षी मोडली, पण तिचं पितळी रीळ शाबूत होतं. बाबांनी ते वेळूच्या काठीला तारेनं आवळून बसवलं होतं. ते फिरलं की कर्रर्र असा आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकायला म्हणून मी एका रविवारी त्यांच्या मागे गेले. मास्तरांना मुलगा नाही म्हणून ते पोरीला नदीवर नेतात, असं नातलग म्हणायचे. मला ते तेव्हाही आवडायचं नाही. मी गेले, कारण मला जायचं होतं.

आम्ही शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढच्या खोलीत बाबांचं टेबल, टेबलावर पवित्र शास्त्र आणि हजेरीची पुस्तकं, मागच्या खोलीत आईची चूल. मासा मिळाला की आईचा विरोध मावळायचा. ती राखेत घोळवून मासा साफ करायची, म्हणजे हातातून निसटत नाही, आणि पाट्यावर लसूण, सुकं खोबरं, भाजलेला कांदा वाटायची. चिंचेचा कोळ आणि तिचा काळा मसाला पडला की वास शाळेच्या पटांगणापर्यंत जायचा. मरळीचं कालवण बाजरीच्या भाकरीबरोबर आणि वामीचे तुकडे तव्यावर. आई डोकं स्वतःच्या ताटात घ्यायची आणि सगळं संपल्यावर ते चोखत बसायची. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही.

बाबा शिकवायचे मात्र चांगलं, हे मी राग बाजूला ठेवून लिहिते. मरळ ही दबा धरून बसणारी. शेवाळाच्या कडेला लाकडासारखी निपचित असते आणि समोरून काही गेलं की झेप घालते. तिच्यासाठी बेडकी लावायची आणि पाण्यावरून हळूहळू ओढत आणायची. खडशी वेगळी. ओठांना मिशा, अंगावर रुपयाएवढाली खवलं, वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभी राहणारी. उंबराच्या झाडाखाली पिकलेलं उंबर पाण्यात पडलं, की ती टपकन उचलते. म्हणून गळालाही उंबरच लावायचं, आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सैल ठेवायची. ती लागली की काठी ओढायची नाही, तिला पळू द्यायचं. रीळ ओरडतं तेवढं ओरडू द्यायचं. माझ्या हाताला पहिली खडशी लागली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ती मला खडकांवरून शंभर पावलं घेऊन गेली, आणि बाबा मागून नुसते म्हणत राहिले, "घाई नको. तिला दमू दे." त्यांनी काठीला हात लावला नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं, की असा माणूस गावात दुसरा नाही.

मग पावसानं दोन वर्षं पाठ फिरवली. नदीचं पाणी वरच कालव्यांना जायचं, आमच्या गावापर्यंत कालवा नव्हता, आणि आता नदीतही काही उरेना. वाळूचा पट्टा, मध्ये मध्ये डबकी, आणि गावाच्या वरच्या अंगाला एक डोह. त्याला कपारीचा डोह म्हणायचे. काळ्या कातळाच्या पोटात पाणी खोल गेलेलं होतं, आणि आटत्या नदीतले सगळे मोठे मासे मागे सरकत सरकत तिथं आले होते. विहिरी कोरड्या पडल्यावर गाव त्याच डोहाचं पाणी प्यायला लागलं. तेव्हा गेनूमामा भोई पारावर उभा राहिला. सारी हयात जाळ्यावर गेलेला माणूस. तो म्हणाला, की कपारीत कुणी जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, गुरं घालायची नाहीत, धुणं धुवायचं नाही; मासा पाणी निवळ राखतो, तो राहू द्या. आणि सगळ्यांत आधी त्यानं स्वतःचं जाळं गुंडाळून आढ्याला टांगलं. त्या जाळ्यावर त्याचं घर चालायचं. दुसऱ्या दिवसापासून तो आणि त्याची सून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले.

काम म्हणजे गावापासून कोसभर अंतरावर पाझर तलाव खणत होते. अर्धं गाव तिथं. हजेरीपट ओव्हरसियरच्या हातात. त्याचं नाव मला पाठ आहे, पण मी ते इथं लिहीत नाही. त्याच्या मुलाबाळांची लाज राखायची म्हणून नव्हे. तो माणूस कोण होता यापेक्षा बाकीचे कोण होते हे मला सांगायचं आहे. पुण्याकडचा, पंचविशीतला, इस्त्रीचा बुशशर्ट घालणारा. माझ्या धाकट्या काकाला त्यानं मुकादम केलं होतं. काकाला तीन पोरं, शेत नाही, शिक्षण सातवीपर्यंत. त्याला असं काम पूर्वी कुणी दिलं नव्हतं. आमच्या घरी मिलो या परदेशी ज्वारीची लाल भाकरी आणि मुलांना वाटायची सुकडी यांवर दिवस चालले होते, आणि बाबा प्रार्थनेत ओव्हरसियरचं नाव घ्यायचे.

मास्तरांकडे विलायती रीळ आहे हे कळल्यावर तो रविवारी यायला लागला. बाबा त्याला खालच्या डबक्यावर न्यायचे, कारण तिथं बंदी नव्हती. मीही जायची. त्या डबक्यात मळे नावाच्या बोटभर माशांशिवाय काही नव्हतं, पण त्याला गळ फेकायची हौस होती. एकदा मी काठी घेतली आणि डबक्याच्या पलीकडच्या कडेला, बरोबर एका दगडाच्या पायथ्याशी गळ नेऊन टाकला. तो म्हणाला, की असा हात त्यानं पुरुषांतही पाहिला नाही. मी सोळा वर्षांची होते. पोरीच्या जातीनं नदीवर काय करायचं, हे मी सहा वर्षं ऐकत होते, आणि हा शिकलेला माणूस मला असं म्हणाला. मग त्यानं सहज विचारलं, वरच्या डोहात मोठे मासे असतील ना, ते दिसत कसे नाहीत. आणि मी सांगितलं. दुपारी ते कपारीच्या आत असतात, उगवतीच्या बाजूला, जिथं कातळ पाण्यावर छज्ज्यासारखा आला आहे. सकाळी आणि सांजेला बाहेर येतात. सगळ्यांत मोठी खडशी माझ्या मांडीइतकी जाड आहे. मी हे फुशारकीनं सांगितलं. बाबा शेजारीच बसले होते, तेही हसले. ते अभिमानानं हसले, हे मला पक्कं आठवतं.

पुढच्या शनिवारी भर दुपारी मी अंगणात सुकडीचा डबा घासत होते. कामावर सुरुंग रोज उडायचे, त्या आवाजाची कानाला सवय होती. पण हा आवाज नदीकडून आला, आणि तो दबका होता, जमिनीच्या आतून आल्यासारखा. हातातला डबा तिथंच टाकून मी पळत गेले. पायांत काही नव्हतं, वाळू तापलेली होती, पोहोचेपर्यंत तळपाय भाजले. डोहावर पाणी गढूळ झालं होतं आणि त्यावर पांढरी पोटं. मळे, शिंगटे, बोटाएवढी पिल्लं, हजारोंनी. कामावरची दोन माणसं कमरेइतक्या पाण्यात पाट्या घेऊन उभी होती आणि मोठे तेवढे वेचत होती. काठावर जीप होती. दुसऱ्या दिवशी कुणी बडे पाहुणे काम पाहायला येणार होते, त्यांच्या जेवणाची ही तयारी. ओव्हरसियर विजार दुमडून खडकावर उभा होता. मला पाहून तो खूष झाला. खरंच खूष झाला, त्यात कुचेष्टा नव्हती.

"तू म्हणालीस तिथंच होते बघ," तो म्हणाला. "एका बारात सगळे."

पन्नास वर्षं झाली, त्या वेळी काय बोलायला हवं होतं याची कितीतरी वाक्यं मी तयार केली आहेत. वॉर्डात रात्रपाळीला, बसमध्ये, भांडी घासताना. त्यातलं एकही तेव्हा सुचलं नाही. गेनूमामा माझ्यानंतर आला, हातात खडी फोडायचा हातोडा तसाच. तो आधी डोहाच्या कडेनं चालत गेला, वाकून काही उचललं, धोतराच्या सोग्यात बांधलं. मग माझ्याजवळ येऊन खाली बसला. "वर दिसत्यात ते थोडं हायेत," तो म्हणाला. "मोठा मासा फुटला की तळाला जातो. आता चार दिसांनी बघ पान्याचं काय व्हतं ते."

संध्याकाळी आमच्या घरी पाटी आली. काका घेऊन आला. दोन खडश्या, फडक्यात गुंडाळलेल्या. साहेबांनी मास्तरांसाठी दिल्यात, तो म्हणाला, आणि नजर चुकवून निघून गेला. बाबांनी पाटी आत घेतली. मी म्हटलं, हे परत पाठवा. बाबा म्हणाले, मेलेला मासा परत पाठवून जिवंत होत नाही, आणि अशा दिवसांत अन्न टाकणं पाप आहे. आईनं राख घेतली. कित्येक महिन्यांनी घरात तो वास आला, आणि माझ्या पोटात भूक उसळली. याचाही मला राग येतो. स्वतःच्या पोटाचा. पानं वाढली, बाबांनी डोळे मिटले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हे प्रभू, या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो."

मी उठले. म्हटलं, हे प्रभूनं दिलेलं नाही, सुरुंगानं दिलं आहे. बाबांनी डोळे उघडले नाहीत, प्रार्थना पुरी केली, आमेन म्हणाले, मग म्हणाले, बस. मी बसले नाही. आईनं माझ्या पानातलं कालवण काढून घेतलं, त्या जागी मिरचीचा ठेचा ठेवला आणि पान मागच्या दाराशी माझ्या हातात दिलं. तिनं स्वतः मासा खाल्ला की नाही ते मी पाहिलं नाही. डोकं चोखल्याचा आवाज मात्र त्या दिवशी आला नाही.

चार दिवसांनी गेनूमामा म्हणाला होता तसंच झालं. तळाचे मासे सडून वर आले. पाण्यावर तेलासारखा तवंग धरला आणि गावाच्या वेशीपर्यंत घाण यायला लागली. बायका पदर नाकाला लावून घागरी भरायच्या, फडक्याच्या चार पदरांतून गाळायच्या, उकळायच्या, तरी वास जाईना. दुसरं पाणी दोन कोसांवर. आठ-दहा घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. गेनूमामाची सून अंथरुणाला खिळली, आणि तिच्या तान्ह्या पोराला शेजारणी दूध पाजायच्या. आणि गावात काय बोलत होते? मास्तरांच्या रुतीनंच साहेबाला जागा दाखवली म्हणे. रविवारची नदीवर बसायचीच की ती दोघं. "दोघं" असंच म्हणायचे. बाबा मधून वगळले गेले होते. ज्यानं सुरुंग लावला त्याच्यासमोर सगळे सकाळी हजेरीला ओळीनं उभे राहायचे, आणि पाणवठ्यावर माझ्या आईशी बोलायचे बंद झाले होते.

कुणीतरी निनावी कागद तालुक्याला धाडला असावा, कारण मामलेदार आले. शाळेतच बसले. काम सकाळपुरतं थांबवून लोकांना बोलावलं होतं. वर्गात मावेनात म्हणून पटांगणात, भिंतीच्या सावलीत, दीडशे तरी माणसं बसली. पंचनामा लिहायला अक्षर चांगलं म्हणून बाबांना टेबलाशी बसवलं. ओव्हरसियर शांतपणे म्हणाला, की पाणी कमी झालं, ऊन वाढलं, मासे गुदमरून मेले; असं सगळीकडे होतं आहे. मामलेदारांनी विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का. कुणी मान वर केली नाही. काका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. आणि माझे वडील, ज्यांनी मला मासा किती पाण्यात जगतो आणि कशानं मरतो ते शिकवलं होतं, ते मान खाली घालून लिहीत होते: उष्म्यामुळे. मी बायकांच्या मागे उभी होते, पण कागद न दिसताही मला कळलं. टाक दौतीत बुडायचा आणि कागदावर जायचा. तो एकदाही अडखळला नाही.

मी पुढे गेले. मी म्हटलं, साहेब, हे खोटं आहे. शनिवारी दुपारी डोहात बार उडवला, मी स्वतः पाहिलं, हे तिथं उभे होते, आणि मासे कपारीत असतात हे यांना मीच सांगितलं होतं. माझा आवाज चिरका येत होता. पाठीमागून कुणी बाई हळूच म्हणाली, आता हजेरी बंद होणार बघ. मामलेदारांनी मला नखशिखांत पाहिलं आणि बाबांकडे वळले. "मास्तर, मुलगी तुमची ना? ती म्हणते ते खरं आहे का?"

बाबांनी टाक खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मुलगी अजाण आहे, साहेब," ते म्हणाले. "तिला नीट कळलं नसेल."

हे वाक्य मी आयुष्यात अनेकांना सांगून पाहिलं. माझ्या नवऱ्याला, माझ्या मुलींना, एकदा आमच्या पाळकांनाही. सगळे बाबांची बाजू समजावून सांगतात. भावाचं काम होतं, गावाची रोजी होती, तू लहान होतीस, त्यांना तुझीच काळजी. मला हे सगळं माहीत आहे. हे मला त्या पटांगणातही माहीत होतं. ते गप्प राहिले असते तर मी तेही सोसलं असतं. गप्प तर सगळेच होते. पण त्यांनी मला अजाण म्हटलं, आणि त्यांच्या शब्दाला गावात किंमत होती.

मग गेनूमामा उठला. हळूहळू टेबलापाशी आला, सोग्याची गाठ सोडली आणि कागदावर, अजून ओल्या शाईवर, दोन वस्तू ठेवल्या. सुरुंगाच्या कांडीचा फाटका वेष्टणाचा तुकडा आणि वीतभर वात. "डोहाच्या कडंला घावलं," तो म्हणाला. "पोरगी अजान न्हाई. मी बी तिथं हुतो. आन माजी सून घरात पडलीय, ती बगायची तर चला." एवढं बोलून तो परत आपल्या जागी न बसता सरळ घराकडे चालायला लागला. मामलेदारांनी पंचनाम्याचा कागद उचलला, घडी केली आणि बाबांना दुसरा कोरा कागद घ्यायला सांगितलं. बाबांनी तोही लिहिला. तितक्याच सुबक अक्षरात.

ओव्हरसियरला शिक्षा झाली नाही. त्याची दुसऱ्या कामावर बदली झाली, इतकंच. नवा माणूस येईपर्यंत पंधरा दिवस काम बंद राहिलं, आणि ते पंधरा दिवस गावानं आमच्या आणि गेनूमामाच्या नावानं बोटं मोडली. पाण्याचा टँकर यायला लागला तेव्हा ओळीत आईची घागर मागे ढकलायचे. काकाचं मुकादमपण गेलं. तो पुन्हा कधी आमच्या उंबऱ्यात आला नाही. गेनूमामानं मात्र चार माणसं हाताशी धरली आणि डोह उपसून मेलेला मासा काढला. मी त्याच्याबरोबर पाट्या वाहिल्या. उन्हात, नाकाला फडकं बांधून, सहा दिवस. बाबांनी जाऊ नको म्हटलं नाही आणि स्वतःही आले नाहीत. सहाव्या दिवशी कपारीतून मोठी खडशी निघाली, तिचं नुसतं डोकं आणि काटा. गेनूमामानं ती वाळूत खड्डा करून पुरली. बाकीचे मासे आम्ही एकाच चरात टाकले होते, हिच्यासाठी त्यानं वेगळा खणला.

पुढल्या वर्षी नगरला नर्सिंगच्या शाळेत माझा नंबर लागला. त्या वर्षभरात बाबा आणि मी कामापुरतं बोललो. ते नदीवर जात नव्हते. मला पोहोचवायला ते कोल्हारपर्यंत आले. एस.टी.ला वेळ होता. थांब्यावर आमच्याशिवाय एक म्हातारा झोपलेला होता. बाबांनी मला दोन पेरू घेऊन दिले, पत्र लिहीत जा म्हणाले, रविवार चुकवू नको म्हणाले. मग माझ्या ट्रंकेचं कुलूप ओढून पाहत म्हणाले, "तुझ्या काकाला तीन पोरं होती, रुती."

मी म्हटलं, "मी खोटं बोलले होते का, एवढंच सांगा."

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. गाडी येते का ते पाहिलं असेल. कुणी ऐकतं का तेही पाहिलं असेल.

"नाही," ते म्हणाले. "तू खरं बोललीस."

ते ऐकायला थांब्यावर मी होते आणि तो झोपलेला म्हातारा. शाळेच्या पटांगणात दीडशे माणसं होती. गाडी आली, बाबांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि खाली खिडकीशी येऊन उभे राहिले. मी पलीकडच्या बाजूला बसले.